तटाखालची माणसे : किशोरांची ऐतिहासिक कादंबरी आणि आपले मध्ययुग

मराठीत मध्ययुगावर जी कादंबरी लिहिली गेली तिचा खरा आश्रयदाता शाळकरी वाचक आहे. लेखकांनी ती प्रौढांसाठी लिहिली, समीक्षकांनी तिची चर्चाही प्रौढ साहित्य म्हणूनच केली. पण गावोगावच्या वाचनालयांतील तिच्या प्रती कोणाच्या बोटांनी मळल्या हे पाहू गेल्यास बारा ते सोळा वर्षांची मुलेच समोर येतात. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली 'विविधज्ञानविस्तारा'तून येऊ लागली, तेथून ही परंपरा मोजण्याचा प्रघात आहे. पुढे हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढले आणि 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' या कादंबऱ्या त्यातून क्रमशः वाचकांच्या हाती दिल्या. नाथमाधवांची 'स्वराज्य' माला १९२० नंतरच्या दशकातली. स्वातंत्र्यानंतर गो. नी. दांडेकर, बाबासाहेब पुरंदरे, रणजित देसाई आले. यांच्याच कथानकांची संक्षिप्त पुस्तके, चित्रकथा, स्नेहसंमेलनातील एकांकिका, आणि कित्येक दशके चौथीच्या वर्गाने अभ्यासलेले शिवछत्रपतींचे चरित्र, हे सारे मिळून मराठी मुलाचे मध्ययुग तयार झाले आहे. इतिहासाचे ग्रंथ त्याच्या हाती फार उशिरा येतात. अनेकांच्या हाती येतच नाहीत.

आपल्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नाही. ज्या घरात सनद आहे, वतनाचा कागद आहे, निदान एखादी कुळकथा आहे, त्या घरातला मुलगा कादंबरी वाचून झाल्यावर आजोबांना विचारू शकतो की, तेव्हा आपले कोण होते. ज्या घरात शाळेचा दाखला हाच पहिला कागद, तेथे हा प्रश्न विचारायची सोय नसते. तेथे कादंबरीत जे आहे तेवढेच घडले आणि जे नाही ते घडलेच नाही. म्हणून या कादंबरीतून कोण वगळले गेले, याचा विचार पहिल्या पिढीच्या वाचकासाठी करावा लागतो. इतरांना त्याची निकड भासत नाही, यात त्यांचा फारसा दोषही नाही.

या कादंबरीचे गुण मी नाकारीत नाही. सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंग झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून जी घोडदौड लिहिली, तिने तीन पिढ्यांच्या मुलांना वाचनाची गोडी लावली. भुयार, गुप्त खलिता, वेषांतर, मध्यरात्री कड्यावर लागलेली शिडी, हे सगळे मुलांना हवेच असते आणि ते देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दांडेकरांनी तर गड पायी पाहिले. कुठल्या माचीला पाणी आहे आणि कुठली वाट पावसाळ्यात बंद होते, हे त्यांना ठाऊक होते. साध्या मावळ्याला त्यांनी माणूस म्हणून उभे केले, हेही मान्य केले पाहिजे. तरीही या सर्व पुस्तकांचा मजला ठरलेला आहे. कथा तटावर घडते. सदरेवर, दिंडीदरवाज्यात, बुरुजावर, राणीवशात. तटाच्या खाली उतरायचे कारण पडले तर शत्रूची छावणी पाहण्यासाठी उतरायचे. मध्ये वाटेत जी वस्ती लागते तिच्यातून घोडा भरधाव निघून जातो.

हे मराठी लेखकांनी कोठून उचलले? आपट्यांच्या पिढीसमोर वॉल्टर स्कॉटचा नमुना होता, असे समीक्षक सांगत आले आहेत आणि ते खरे आहे. पण स्कॉटचा नमुना नीट पाहिला तर आश्चर्य वाटते. स्कॉट मोठा जमीनदारवृत्तीचा, राजनिष्ठ, परंपरेचा भक्त. त्याची 'आयव्हॅन्हो' १८१९ च्या अखेरीस आली. बारावे शतक, सरदार, किल्ले, स्पर्धेचे मैदान, सगळे तिच्यात आहे. परंतु ही कादंबरी उघडते ती जंगलात डुकरे राखणाऱ्या गर्थ नावाच्या गुलामावर. त्याच्या गळ्यात पितळेचे कडे आहे, काढता येऊ नये म्हणून जोडून टाकलेले, आणि त्यावर तो कोणाचा जन्मजात दास आहे हे कोरलेले आहे. पुढे कथेतच त्याची त्या दास्यातून मुक्तता होते. म्हणजे इंग्रज मुलाला त्याच्या मध्ययुगाची पहिली ओळख एका गुलामाच्या गळ्यापासून होते. आमच्या लेखकांनी स्कॉटचे किल्ले घेतले, घोडे घेतले, वेषांतरे घेतली. गर्थ तेवढा मागे राहिला. गळ्यात मडके बांधून चालणारा माणूस पेशवाईतल्या पुण्यात होता, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये केला आहे. त्याच्यावर उघडणारी ऐतिहासिक कादंबरी मुलांच्या कपाटात शोधून पाहावी.

यावर एक ठरावीक उत्तर येते. 'आम्हाला साधने मिळाली नाहीत. बखरीत जे आहे ते आम्ही लिहिले.' हे उत्तर तपासण्याजोगे आहे, कारण साधने होती आणि ती याच लेखकांच्या टेबलावर होती.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या शंभर वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाने तो वाचला, त्याच्यावर टीका केली आणि त्यातून माहितीही घेतली. शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था सांगताना डफ लिहितो त्याचा आशय असा : किल्ल्याच्या शिबंदीत ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार आणि मांग असत. या सर्वांना मिळून गडकरी म्हणत. किल्ल्याच्या आसपासच्या जमिनी त्यांच्या निर्वाहासाठी लावून दिलेल्या असत आणि किल्ल्याची राखण बापाकडून मुलाकडे चालत येई. रामोशी आणि महार यांच्याकडे बाहेरच्या चौक्यांचे काम असे. बातमी आणायची, प्रत्येक वाटेवर नजर ठेवायची, चौकशी करीत येणाऱ्या परक्याला चुकीच्या वाटेला लावायचे आणि शत्रूचे मागे रेंगाळलेले लोक कापून काढायचे, अशी ती कामे. न्यायमूर्ती रानड्यांनीही १९०० सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गडाखालचे रान रामोशी वगैरे खालच्या मानलेल्या जातींच्या स्वाधीन असे, ही गोष्ट नोंदवली आहे.

आता कोणत्याही लेखकाने सांगावे, किशोरांच्या साहसकथेला याहून अधिक काय लागते? रात्रीच्या वेळी परक्या घोडेस्वाराला चुकीच्या घाटात नेऊन सोडणारा चौदा वर्षांचा पोरगा. एकेक वाट पाठ असलेली त्याची आई. गडाच्या दरवाज्याच्या आत मुक्कामाला ज्यांना जागा नाही, पण ज्यांनी एक रात्र डोळे मिटले तर गड जातो, अशी ती वस्ती. त्या वस्तीत राजाविषयी काय बोलत असतील, जमिनीच्या तुकड्याविषयी काय बोलत असतील, वरच्या हवालदाराविषयी काय बोलत असतील, हे सर्व कादंबरीचे द्रव्य आहे. आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' १९०३-०४ मधली. म्हणजे डफनंतर पाऊणशे वर्षांनी आणि रानड्यांच्या पुस्तकानंतर तीन-चार वर्षांनी. साधनांचे कारण येथे टिकत नाही. दृष्टी जेथपर्यंत जायला तयार होती तेथपर्यंतच ती गेली.

याच सिंहगडाची, म्हणजे जुन्या कोंढाण्याची, आणखी एक हकीकत घ्या. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक या किल्ल्यावर चालून आला तेव्हा तो नागनाईक नावाच्या कोळी नायकाच्या ताब्यात होता. त्याने किल्ला आठ महिने लढवला आणि दाणागोटा संपल्यावरच सोडला, असे तवारिखा सांगतात. हिंदुस्थानच्या सर्वात बलाढ्य फौजेशी आठ महिने. १६७० ची एक रात्र प्रत्येक मुलाला तोंडपाठ आहे. हे आठ महिने किती जणांना ठाऊक आहेत? तानाजीच्या पराक्रमाला उणे करण्यासाठी मी हे विचारीत नाही. एका गडाच्या दोन कथांपैकी कोणती मुलांसाठी निवडली गेली आणि कोणती पडून राहिली, एवढेच दाखवायचे आहे.

आमच्या वर्गात गोंड, हलबा, पोवार, कोहळी, ढिवर आणि बौद्ध अशी सर्व मुले एका बाकावर बसतात. शिवकाळाचे प्रकरण चालू असताना एका मुलीने विचारले, "सर, त्या वेळी आपले लोक राहत कुठे होते?" आपले लोक कोण होते, राजे होते की सरदार होते, असे तिने विचारले नाही. राहत कुठे होते, हा तिचा प्रश्न. मला हा प्रश्न फार नेमका वाटतो. इतिहासात माणसाला आधी जागा द्यावी लागते, मग त्याच्या हातात काय द्यायचे ते पाहता येते. डफचा उतारा मी त्या दिवशी वर्गात फळ्यावर काढून दाखवला. वर गड, मध्ये तट, खाली चौक्या. पुढचा अर्धा तास त्या तीन रेघांवर गेला.

जेथे या कादंबऱ्यांत महार दिसतो तेथे तो कसा बोलतो हेही पाहण्यासारखे आहे. मावळ्याची बोली रांगडी पण गोड, वाचणाऱ्याला आपलीशी वाटावी अशी. महार मात्र जोहाराने सुरू करतो आणि मायबापावर संपवतो. मधल्या वाक्यात त्याला एक निरोप सांगायचा असतो. निरोप सांगितला की तो पानावरून नाहीसा होतो. त्याला रात्री भाकर मिळाली की नाही याची चौकशी लेखक करीत नाही. संमेलनातील नाटुकल्यांतही भूमिकांची वाटणी अशीच होते. राजा कोण, सेनापती कोण, हे नावे पुकारण्याआधीच ठरलेले असते, आणि भाले धरून मागे उभे राहायला टोलीतली पोरे बोलावली जातात. आमच्याकडे झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत रात्ररात्र नाटके चालतात. तेथे कोण कोणती भूमिका करतो यावर लोकांचे बारीक लक्ष असते, शाळेत ते नसते.

आता मला ज्या माणसाकडे यायचे आहे तो चोखामेळा.

मराठी बालसाहित्यात चोखोबा अगदीच नाही असे नाही. महिपतीच्या 'भक्तविजया'पासून (१७६२) त्याची कथा चालत आली आहे आणि मुलांच्या संतचरित्रांत तिला एक प्रकरण मिळते. त्या प्रकरणात काय असते? देव त्याच्याबरोबर मेलेली ढोरे ओढू लागला. सोयराबाईच्या बाळंतपणाला देव नणंदेचे रूप घेऊन आला. देवाने चोखोबाच्या पंगतीला बसून जेवण घेतले. असे चमत्कारांमागून चमत्कार येतात, आणि मग शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य : मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा मरण पावला. त्यानंतर पुन्हा चमत्कार. नामदेवाने हाडे ओळखली ती विठ्ठलनामाच्या आवाजावरून.

मला त्या मधल्या एका वाक्याशी थांबायचे आहे. साल १३३८. आसपासचा काळ पाहा. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर आला. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानी दौलताबादेला आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. अर्ध्या शतकात तीन राजवटी बदलल्या, आणि ज्या गावांना भीती होती त्यांनी आपापले तट, आपापली गावकुसे उभारायला, डागडुजी करायला माणसे जमवली. ती माणसे कोण होती, कोणाला हाक मारली की 'नाही' म्हणता येत नव्हते, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. ज्या तटाच्या आत त्यांना राहायची परवानगी नव्हती तो तट त्यांनी बांधायचा. चोखोबा त्या तटाखाली एकटा मेला नाही, परंपरेप्रमाणे आणखीही मजूर त्या ढिगाऱ्याखाली गेले. नामदेवाला हाडे ओळखून वेगळी काढावी लागली याचा साधा अर्थ तोच आहे. ज्यांची हाडे ओळखायला कोणी आले नाही त्यांचे काय झाले, हा प्रश्न चमत्काराच्या गोडव्यात बुडून जातो.

मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या कोणालाही हा प्रसंग कसा सुटला? गड, तट, राजवटींची उलथापालथ, अपघात, पंढरपूरपर्यंत हाडे घेऊन केलेला प्रवास. सारे साहित्य हाताशी आहे. शिवाय समाधी कोठे मिळाली तर महाद्वाराच्या बाहेर, नामदेवाच्या पायरीजवळ. त्या दरवाज्यातून त्याच्या जातभाईंना आत जाता आले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ६०९ वर्षे.

आपल्या चळवळीने चोखोबाची शरणागती नाकारली आणि ते योग्यच झाले. पूर्वजन्मीचे फळ म्हणून आपले हीनत्व स्वीकारणारा सूर बाबासाहेबांच्या अनुयायांना मानवणारा नव्हता. तरीही बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'अस्पृश्य मूळचे कोण' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही आपण विसरू नये. आणि त्या घरात चोखोबा एकटाच बोलत नव्हता. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांची रचना शिल्लक आहे. मध्ययुगातले एक पूर्वास्पृश्य कुटुंब आपल्या आवाजात बोलताना ऐकू येते, असे उदाहरण जगात फारसे सापडायचे नाही. त्यांतला कर्ममेळा मला विशेष वाटतो. बापाच्या मानाने त्याच्या बोलण्यात तक्रार अधिक तीव्र आहे. तो देवाला जाब विचारतो, आम्हाला या जातीत का घातलेस म्हणून. सोयराबाईंचा विटाळाविषयीचा प्रश्नही असाच धारदार आहे. देहाचा विटाळ देहातच असेल तर त्यातून सुटलेला कोण, असे ती विचारते. किशोरांच्या मध्ययुगीन कादंबरीला नायक शोधत असाल तर तो येथे बसला आहे. बाप तटाखाली गेलेला, आई कवयित्री, राज्ये बदलताहेत आणि मुलगा देवाशी भांडतो आहे. त्याला तलवार देण्याची गरज नाही. विदर्भाच्या वाचकाला तर हे घर परके वाटू नये. बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे चोखोबाचे जन्मगाव मानले जाते.

येथे काही मित्र बेदरच्या अमृतनाकाची आठवण देतील. बादशहाच्या कुटुंबातील स्त्रीला संकटातून सोडवून आणणारा अमृतनाक आणि त्याबद्दल महारांना मिळालेले बावन्न हक्क, ही कथा आपल्या वाडवडिलांनी अभिमानाने सांगितली. तिच्यात साहस आहे आणि किशोरकथेचा घाटही आहे. पण ती मुलांपुढे ठेवण्याआधी आपण स्वतः एकदा नीट ऐकली पाहिजे. आपल्या चारित्र्याचा पुरावा म्हणून अमृतनाक निघण्यापूर्वी आपले पुरुषत्व छेदून डबीत बंद करतो आणि ती डबी राजाजवळ ठेव म्हणून देतो. आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी स्वतःचे अंग कापून द्यावे लागणे, हा या कथेचा गाभा आहे. आणि मिळाले काय? त्या बावन्न हक्कांत मेलेल्या ढोरावरचा हक्क होता. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले तेव्हा त्यांनी या सनदेचाच एक तुकडा फाडून टाकला. कथा जरूर सांगावी, पण डबीसकट सांगावी. (लहान मुलांना कशी सांगायची हा प्रश्न खरा आहे. रामायणातील कापाकापी सांगताना मात्र कोणाला तो पडत नाही.)

अलीकडच्या दशकांत आणखी एक प्रकार वाढीला लागला आहे आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. प्रत्येक जातीने शिवाजीराजांच्या खांद्याशी आपला एक वीर उभा करायचा, त्यावर बत्तीस पानांची पुस्तिका काढायची आणि जयंतीला ती मुलांना वाटायची. यामागची तहान मी समजू शकतो. प्रस्थापितांनी राजाचा गुरू कोण यावर शंभर वर्षे घालवली. २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हटला तरी त्या वादाची धग गेली नाही. तेथे आपल्या पोरांनी आपला एखादा नायक मागितला तर नवल नाही. मात्र या पुस्तिकांतला नायक बहुतेक वेळा करतो काय? राजासाठी मरतो. प्रतापगडाखाली १६५९ मध्ये जिवा महाला राजावरचा वार अडवतो, १६६० मध्ये पन्हाळ्याहून निघताना शिवा काशीद राजाचा वेष घालून मृत्यूच्या पालखीत बसतो. ही माणसे थोर होती यात शंका नाही. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण लोकांनी उगीच जपली नाही. पण नाभिक समाजातील या दोन माणसांचे सारे आयुष्य कथेत एका क्षणापुरतेच येते आणि तो क्षण दुसऱ्यासाठी जीव पणाला लावण्याचा असतो. आपण आपल्या मुलांसाठी त्याच साच्यातून आणखी दहा मूर्ती ओतल्या तर तट तसाच राहील. त्यावर आपलाही एक पुतळा बसेल, इतकेच.

म. फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचला तेव्हा त्यांनी राजालाच कुणब्याच्या बाजूने खाली आणले होते. निष्ठेचा बाण खालून वर जाण्याऐवजी त्यांनी तो वरून खाली फिरवला. शिवाय तो पवाडा होता, म्हणजे न शिकलेल्याला ऐकता येईल अशा रूपात होता. पुढच्या कादंबरीकारांनी हा धागा उचलला असता तर मराठी मुलांचे वाचन वेगळे झाले असते.

तो धागा फार उशिरा अण्णाभाऊ साठ्यांनी उचलला. 'अग्निदिव्य' ही शिवकाळावरची कादंबरी त्यांनी लिहिली, पण त्यांचे खरे देणे म्हणजे 'फकिरा' (१९५९). तो काळ मध्ययुगाचा नव्हे, इंग्रजी अमलाचा. तरीही घोडा, तलवार, रात्रीची झडप, हे सर्व त्यात आहे आणि ते राजासाठी नाही. उपाशी वस्तीसाठी धान्य लुटले जाते. शेवटी फकिरा स्वाधीन होतो तो अडकवून ठेवलेल्या आपल्या माणसांसाठी. माझ्या विद्यार्थ्यांत हे पुस्तक एका रात्रीत वाचून काढणारे दरवर्षी भेटतात, आणि परत देताना 'यासारखे आणखी काय आहे' म्हणून विचारतात. त्या प्रश्नाला माझ्याजवळचे उत्तर तोकडे पडते.

बाहेरच्या देशांत हे काम झाले आहे. जेफ्री ट्रीझ या तरुण डाव्या लेखकाने १९३४ साली मुलांसाठी रॉबिन हूडची कथा नव्याने लिहिली. मुलांच्या पुस्तकांतले नायक नेहमी खानदानीच का, सामान्य माणूस तेथे केवळ ओझी वाहायलाच का, हा त्याचा आक्षेप होता. त्याचा नायक शेतगुलामाचा मुलगा आहे आणि त्याचे रान आनंदी नाही, थंड आणि उपाशी आहे. त्या पुस्तकात घोषणा जरा जास्तच आहेत. पण इंग्रजी ऐतिहासिक किशोरकथेने त्यानंतर वळण घेतले हे खरे. आपल्याकडे बंडाची कविता झाली, आत्मकथने झाली, ती जगभर गेली. बारा वर्षांच्या मुलासाठी मध्ययुग कोणी लिहिले नाही. आपल्या लेखकांना ते काम दुय्यम वाटले असावे. मला ते तसे वाटत नाही.

आणि हे सर्व सह्याद्रीच्या घाटातच घडले पाहिजे, असेही नाही. आमचा मुलुख झाडीचा. सडक अर्जुनीच्या मुलाला पुरंदर आणि पन्हाळा नकाशावर दाखवता येतात. पण त्याच्या अंगणाभोवती ज्या राजवटी होत्या त्यांची नावे तो चाचरत सांगतो. देवगडचा बख्त बुलंद, ज्याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. चांद्याची राणी हिराई. भोसल्यांच्या आधीचे हे गोंडांचे राज्य मराठी कादंबरीच्या नकाशावर जवळजवळ नाहीच. शेजारच्या तालुक्यात नवेगावचा बांध आहे. सात बहिणींच्या डोंगरांमधली ती पाळ कोलू पाटील कोहळी याने बांधली, अशी आमच्याकडे परंपरा आहे. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत घातली आणि कोहळ्यांनी या भागात तलावांचे जाळे विणले. हे काम थोर होते, आजही धानाची शेती त्यावर उभी आहे. कोलू पाटलाचे नाव राहिले याचा आनंद आहे. पण पाळीवर टोपल्या वाहणारे, रात्री पाळ फुटू नये म्हणून राखण करणारे, ते कोण? याच गावांतले महार तेव्हा जाडेभरडे कापड विणत होते, कोतवाली करीत होते, आणि शिवेचा तंटा निघाला की हद्द कोठून जाते हे त्यांच्याच साक्षीने ठरत होते. ज्याला गावात जागा नाही त्याला गावाची हद्द सर्वात चांगली ठाऊक. हद्दीच्या एका तंट्यावर, खोटी साक्ष दे म्हणून धमकावलेल्या एका कोतवालाच्या पोरावर, उत्तम किशोरकादंबरी होईल.

इतिहासाच्या पुस्तकात मध्ययुग १८१८ ला संपते. आपले संपले नाही. पश्चिम महाराष्ट्रात महार वतन कायद्याने गेले ते १९५८ नंतर; त्यासाठीचे पहिले विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडले होते. आमच्या भागात मालगुजारी गेली १९५१ साली. माझ्या आजोबांनी मालगुजाराच्या वाड्याच्या भिंती वेठीने सारवल्या आहेत, आणि ते सांगताना ते राग धरून बोलत नसत, काम कसे करायचे ते सांगत. भिंतीला माती कोणती लागते, पाणी किती, पावसाआधी किती दिवस हात लावायचा. चोखोबाच्या मंगळवेढ्याची भिंत का कोसळली असेल हे त्यांना विचारले असते तर त्यांनी मातीचेच कारण सांगितले असते. असे म्हातारे आणि म्हाताऱ्या अजून गावोगाव आहेत. या त्रैमासिकाचे जे वाचक शिक्षक आहेत त्यांनी मुलांना त्यांच्याकडे वही घेऊन पाठवावे. वेठ, वाटा, हद्दी, तलाव, कापड यांची माहिती जमवावी आणि ती लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचवावी. बखरीत नसलेले अर्धे मध्ययुग त्यांच्या हातांत आहे.

कर्ममेळ्याच्या कादंबरीचा शेवट कसा करायचा, हे मात्र ती लिहिणाऱ्याला अवघड जाईल. मुलांच्या पुस्तकाला शेवटी विजय लागतो आणि १३३८ मध्ये आपल्या बाजूला विजय नव्हता. मला वाटते, हाडे पंढरपूरला पोहोचल्यावर कादंबरी संपू नये. गावाला गावकूस हवे होते, म्हणजे ते पुन्हा बांधले गेलेच असेल, आणि त्यासाठी पुन्हा हाक गेलीच असेल. ती हाक कर्ममेळ्याच्या दारात येते तेव्हा तो काय म्हणतो, येथून शेवटचे प्रकरण सुरू करावे.